'रिगेल' : पाहुणचाराच्या एका क्रियापदाची कुळकथा

माणसांना जशी कुळे असतात, तशी शब्दांनाही असतात. आणि माणसांच्या बाबतीत खरे कुळ एक व सांगण्यात येणारे कुळ दुसरे असा प्रकार जसा अधूनमधून आढळतो, तसाच तो शब्दांच्या बाबतीतही आढळतो. एखादा शब्द साध्या घरात जन्मलेला असतो. पण पुढे त्याला बरे दिवस येतात, थोरामोठ्यांच्या पंगतीत त्याची ऊठबस सुरू होते, आणि मग लोक त्याच्या चेहऱ्यावरून त्याचे नाते एखाद्या राजघराण्याशी जोडून मोकळे होतात. अशाच एका शब्दाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. हा शब्द इंग्रजी भाषेतला आहे, आणि दुसऱ्याला रिझवावे कसे हे सांगणारा आहे. 'रिगेल' हे ते क्रियापद.

दुसऱ्याची करमणूक करणे या अर्थाची क्रियापदे इंग्रजीत काही थोडी नाहीत. 'एंटरटेन' आहे, 'अम्यूज' आहे, 'डायव्हर्ट' आहे. मग आम्ही हेच का निवडले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, वरील सर्व शब्दांत 'रिगेल' हा सर्वांत थाटामाटाचा, आणि त्याच्याच जन्माविषयी गैरसमजही सर्वांत मोठा. शिवाय हा गैरसमज उकलता उकलता आपण अशा ठिकाणी जाऊन पोचतो की, तेथे आपल्या घरचेच एक-दोन शब्द दारात उभे असलेले दिसतात.

प्रथम अर्थ पाहू. आजच्या इंग्रजीत या क्रियापदाचे दोन अर्थ चालू आहेत. पहिला, कोणाला उत्तमोत्तम पदार्थ खाऊपिऊ घालून तृप्त करणे. दुसरा, कोणाला गोष्टी, गमती, आठवणी सांगून रिझविणे. यांपैकी पहिला अर्थ मूळचा आणि दुसरा त्यातून निघालेला. पण व्यवहारात आज धाकटाच थोरला होऊन बसला आहे. एखादा निवृत्त खलाशी संध्याकाळी मित्रमंडळींत बसून दर्यावरच्या वादळांच्या हकीकती रंगवून सांगत असला, तर इंग्रज लेखक हटकून हेच क्रियापद वापरील. उच्चार करताना जोर दुसऱ्या अवयवावर द्यावयाचा : रि-गेल. हे मुद्दाम सांगतो, कारण याच अक्षरांचा, शेवटचा एक स्वर तेवढा कमी असलेला 'रीगल' हा शब्द निराळा आहे, त्याचा जोर पहिल्या अवयवावर आहे, आणि सगळा घोटाळा या दोघांच्या सारख्या चेहऱ्यामुळेच झालेला आहे.

या क्रियापदाच्या रचनेत एक बारीक खुबी आहे, आणि आपल्याकडील इंग्रजी लिहिणारे पुष्कळ जण तेथे ठेचकाळतात. मराठीत आपण 'त्याने आम्हांला गोष्टी सांगितल्या' असे म्हणतो. येथे कर्म आहे 'गोष्टी', आणि 'आम्हांला' हे कोणाला याचे उत्तर. हाच साचा मनात धरून माणूस इंग्रजीत लिहू लागला की, त्याने आम्हांला गोष्टी 'रिगेल केल्या' अशा धर्तीचे वाक्य तयार होते. ते चूक आहे. इंग्रजीत गोष्टी रिगेल करता येत नाहीत; माणसे रिगेल करता येतात. या क्रियापदाचे कर्म नेहमी पाहुणा, श्रोता, समोरचा माणूस. आणि गोष्टी, गाणी, पक्वान्ने ही त्या कामाची साधने. ती 'विथ' या शब्दयोगी अव्ययाने मागाहून येतात. मराठीत याचा नेमका जोड पाहिजे असेल तर 'सांगणे' नव्हे, 'रिझविणे' घ्यावा : 'त्याने गोष्टी सांगून आम्हांला रिझविले'. व्याकरणाचा हा नियम कोरडा वाटेल. पण त्यात या शब्दाचा सगळा स्वभाव साठविलेला आहे, आणि शेवटी आपल्याला त्याकडे परत यावयाचे आहे.

आणखी एक छटा सांगितली पाहिजे. थाटामाटाच्या शब्दांवर काळ एक प्रकारचा सूड उगवतो. लोक ते उपरोधाने वापरू लागतात. 'रिगेल'चेही थोडे तसे झाले आहे. जेवणानंतर पाहुण्यांना अडवून आपल्या पोटाच्या शस्त्रक्रियेचा साद्यंत वृत्तांत ऐकविणारे गृहस्थ कोणी पाहिले नाहीत? अशा गृहस्थांविषयी लिहितानाही इंग्रज हेच क्रियापद वापरतो आणि मिशीतल्या मिशीत हसतो. म्हणजे शब्द मेजवानीचा, पण कधीकधी तीत पाहुण्याची भूक संपली तरी वाढपी थांबत नाही, असा अर्थ. वाक्यातील प्रसंग पाहूनच सरळ अर्थ कोणता आणि वाकडा कोणता हे ठरवावे लागते.

आता कुळाकडे वळू. 'रिगेल' हा शब्द कोठून आला असे दहा सुशिक्षितांना विचारले, तर त्यांपैकी बहुतेक सांगतील की, तो 'रीगल' म्हणजे राजाचा, राजेशाही, या शब्दापासून आला. दिसायलाही ही उपपत्ती सोन्यासारखी दिसते. अक्षरे तीच. अर्थही जुळतो : पाहुण्याची राजासारखी बडदास्त ठेवणे म्हणजे रिगेल करणे. राजाच्या चिन्हांना इंग्रजीत 'रिगेलिया' म्हणतात, तो शब्दही साक्षीला येतो. शिवाय राजेपणा आणि करमणूक यांची सांगड लोकांच्या मनात फार जुनी आहे. मुंबईस कुलाब्यात १९३३ साली उघडलेल्या एका प्रसिद्ध चित्रपटगृहाला 'रीगल' हेच नाव मिळाले. आणि या नावाची नाटकगृहे व चित्रपटगृहे इतर देशांतही होऊन गेली. तिकीट चार आण्यांचे असो की चार रुपयांचे, तेवढा वेळ प्रेक्षकाने स्वतःला राजा समजावे, हाच त्या नावाचा हेतू.

परंतु दिसायला सोन्यासारखी असलेली वस्तू कसोटीवर घासून पाहावी लागते. शब्दांची कसोटी म्हणजे त्यांचा इतिहास. इंग्रजी भाषेच्या बाबतीत ही कसोटी फार शिस्तीने लावण्यात आलेली आहे. ऑक्सफर्डच्या थोर कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे व्हावयास १९२८ साल उजाडले. प्रमुख संपादक जेम्स मरे यांचे त्यापूर्वीच निधन झाले होते. या कोशाचे तत्त्व असे की, प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ लेखी आधारासह, सनवार मांडावयाचा. शब्द प्रथम केव्हा दिसला, कोणत्या भाषेतून आला, त्या भाषेत त्याचे त्यापूर्वीचे रूप काय होते, अशी पिढ्या-पिढ्यांनी मागे जाणारी ही वंशावळ असते. एखादी पिढी मधेच गाळून 'चेहरा जुळतो' एवढ्यावर नाते मान्य करावयाचे नाही, हा तिचा दंडक.

या वंशावळीप्रमाणे 'रिगेल' इंग्रजीत सतराव्या शतकाच्या मध्यास आला. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला. त्याच्या परागंदा आयुष्यातील काही वर्षे फ्रान्समध्ये गेली होती, आणि त्याच्या काळात इंग्लंडातील उच्च वर्गाला खाण्यापिण्यापासून पोशाखापर्यंत सर्व काही फ्रेंच धर्तीचे रुचू लागले. 'रिगेल' ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा उच्चार 'रेगाले'. ते फ्रेंचमध्ये आजही जिवंत आहे. उपाहारगृहात चार मित्रांचे बिल एकट्याने देताना फ्रेंच माणूस याच क्रियापदाने 'आज माझ्याकडून' असे सांगतो, आणि मनसोक्त जेवण झाले म्हणजेही याच क्रियापदाने तृप्ती व्यक्त करतो. त्यात राजा कोठेच नाही. ताट मात्र आहे.

या 'रेगाले'च्या मागे जुन्या फ्रेंचमधले 'गाल' हे नाम आहे. मराठी कानाला त्याचा भलताच अर्थ लागेल, पण त्याचा अर्थ मौज, आनंद, चैन असा होता. आणि 'गाले' म्हणजे मौज करणे, चैनीत राहणे. या नामाच्या पुढे 'रे' हा अवयव लागून मेजवानी या अर्थाचा शब्द झाला. आणि त्याचे रूप ठरताना मौज करणे याच अर्थाच्या दुसऱ्या एका फ्रेंच क्रियापदाचीही त्यावर छाया पडली, असे कोशकार मानतात. या घराण्यातील भावंडे पाहिली म्हणजे संशय उरत नाही. समारंभ, उत्सव या अर्थाचा 'गाला' हा शब्द यातलाच. स्त्रियांशी अदबीने वागणारा, रुबाबदार, शूर पुरुष या अर्थाचा 'गॅलंट' हाही यातलाच. मुळात तो 'गाले' या क्रियापदाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित, म्हणजे 'मौज करीत असलेला' एवढाच त्याचा अर्थ. आज ज्या शब्दाने शौर्यपदकांवर गौरव होतो, तो शब्द आरंभी एका चैनी तरुणाचे वर्णन करीत होता! शब्दांच्या दुनियेत अशी बढती होत असते.

'गाल'च्याही मागे जाता येते. पाचव्या शतकाच्या शेवटास फ्रँक नावाच्या जर्मानिक लोकांनी गॉल देश जिंकला, आणि त्या देशाला पुढे त्यांच्यावरूनच फ्रान्स हे नाव पडले. जिंकणाऱ्यांनी जितांची लॅटिन बोली उचलली खरी, पण आपले काही शब्द तीत सोडून दिले. त्यांच्या शब्दांतील आरंभीचा ओष्ठ्य 'व' लॅटिनच्या अंगवळणी पडलेल्या जिभांना पेलेना. त्याचा त्यांनी 'ग' केला. म्हणून इंग्रजीतला विल्यम फ्रेंचमध्ये गियोम होतो, आणि इंग्रजीतले 'वॉर' हे युद्ध फ्रेंचमध्ये 'गेर' होते. इंग्रजीने तर काही वेळा एकच शब्द दोनदा उसना घेतला : एकदा नॉर्मन लोकांकडून व-कारासह आणि एकदा पॅरिसकडून ग-कारासह. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन', 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' या त्या जोड्या. हाच नियम 'गाल'ला लावला की, त्यामागे 'चांगले, बरे' या अर्थाचा व-काराने सुरू होणारा एक फ्रँकिश शब्द उभा राहतो. इंग्रजीतला 'वेल' म्हणजे चांगले, हा त्याचाच सख्खा. बहुतेक व्युत्पत्तिकारांचे मत या बाजूचे आहे.

येथवर आलो, आता आणखी एक पाऊल. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे दिलेल्या एका व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच लुप्त मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असा विचार मांडला. पुढे शंभर वर्षे विद्वानांनी हा धागा धरून युरोप आणि भारत यांतील शब्दांची नाती काटेकोर ध्वनिनियमांनी पडताळून पाहिली. त्या पडताळणीत इंग्रजीतला 'वेल' ज्या मूळ धातूकडे गेला, त्याचा अर्थ 'इच्छिणे, पसंत करणे' असा ठरला. त्याच धातूची लेकरे म्हणून इंग्रजीतला इच्छावाचक 'विल' आणि लॅटिनमधले 'इच्छिणे' हे क्रियापद ओळखण्यात आले. आणि संस्कृतातील 'वृ' म्हणजे निवडणे, पसंत करणे, हाही याच धातूचा भाऊ मानण्यात आला. वर, वरण, स्वयंवर, वरदान हे आपले शब्द त्या 'वृ'चे. मनाजोगते ते 'वेल', पसंत पडेल तो 'वर', आणि मनाजोगते झाल्यावर जी मौज ती 'गाल' : असा हा एकाच घराचा विस्तार आहे.

याच घरात आणखी एक ओळखीचा शब्द राहतो, आणि तो तर आपल्या विषयाच्या अगदी शेजारचा. दारावर, पायपुसण्यावर, कमानीवर जेथे तेथे लिहिलेला 'वेलकम'. आज आपण त्याची फोड 'बरे झाले आलात' अशी करतो. पण जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वार्ध इच्छा, सुख या अर्थाचा होता आणि उत्तरार्ध येणारा, पाहुणा या अर्थाचा. म्हणजे 'वेलकम' हे मुळी त्या माणसाचेच नाव : ज्याचे येणे आपल्या मनात होते असा पाहुणा. एका शब्दाने पाहुण्याला दारात घ्यावयाचे आणि दुसऱ्याने त्याला पाटावर बसवून तृप्त करावयाचे. हे दोन्ही शब्द दूरच्या नात्याने एकमेकांचे चुलतभाऊ निघावेत, हा योगायोग मोठा गोड आहे.

मग 'रीगल'चे काय? त्याचे कुळ निराळे आणि तेही थोरच. लॅटिनमध्ये 'रेक्स' म्हणजे राजा. त्याचे विशेषण 'रेगालिस'. तेच इंग्रजीत 'रीगल'. या 'रेक्स'चा संस्कृतातील भाऊ म्हणजे आपला 'राजन्'. मूळ धातूचा अर्थ सरळ रेषेत नेणे, मार्गी लावणे. आपला 'ऋजु' म्हणजे सरळ, आणि इंग्रजीतला 'राइट' म्हणजे योग्य, हे दोन्ही त्याच धातूचे. राजा म्हणजे सरळ वाटेने नेणारा. तेव्हा 'रीगल' आमच्या 'राजा'चा नातलग, आणि 'रिगेल' आमच्या 'वर'चा. दोन्ही घराणी आपल्या ओळखीची. पण ती एक नव्हेत.

येथे कोणी म्हणेल की, इटालियन व स्पॅनिश भाषांत 'रेगालो' म्हणजे भेटवस्तू, आणि राजाला द्यावयाची भेट असा त्याचा मूळ अर्थ काही विद्वानांनी सांगितला आहे, त्याची वाट काय? आक्षेप योग्य आहे. त्या दोन भाषांतील शब्दांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी त्यांना फ्रेंचकडून आलेले मानतात, कोणी राजाकडून. पण इंग्रजीने आपला शब्द घेतला तो फ्रेंचकडून, आणि फ्रेंचमध्ये त्याचे मेजवानीवाचक रूप 'गाल' या मौजेपाशी बांधलेले आहे. राजाची छाया त्यावर पडली असेल तर ती मागाहून. रक्त तिचे नव्हे.

राजाने इंग्रजी शब्दांना असे फसविल्याचे हे एकमेव उदाहरण नाही. सार्वभौम या अर्थाच्या 'सॉव्हरिन' या शब्दाच्या इंग्रजी लेखनात एक 'जी' येऊन बसला आहे. तो मुळात नव्हता. शब्द लॅटिनमधील 'वर, वरचा' या अर्थाच्या 'सुपर'पासून आलेला. पण राज्य करणे या अर्थाचा 'रेन' त्यात दडला आहे असे लोकांना वाटले आणि त्यांनी त्याचे अक्षर यात घुसडले. अशा प्रकाराला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. लोकांना अपरिचित शब्द सोसवत नाही. त्याला ओळखीच्या शब्दाचा अंगरखा घातल्याशिवाय चैन पडत नाही.

यावरून घ्यावयाचा धडा साधा आहे : ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे. फारसीत 'बद' म्हणजे वाईट. बदनाम, बदसूर या शब्दांतून तो मराठीतही रुळला आहे. इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट. अर्थ तोच, ध्वनी जवळजवळ तोच, आणि तरीही दोघांचा काडीचा संबंध नाही. हे भाषाशास्त्राचे नेहमीचे उदाहरण आहे. उलट इंग्रजी 'व्हील' आणि संस्कृत 'चक्र' कानाला परस्परांपासून कोसभर लांब वाटतात, पण ते खरोखर एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. आपल्याकडे गावांच्या, आडनावांच्या, जातींच्या नावांवरून इतिहास रचण्याची हौस थोडी नाही. एखाद्या गावाच्या नावात पुराणातील राजाच्या नावाची दोन अक्षरे सापडली की, गाव त्या राजाने वसविले असे ठरते. आणि मग त्यावर अभिमान, आणि अभिमानावर भांडण. व्युत्पत्तीचा अभ्यास हा रिकामपणाचा चाळा आहे असे समजणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ साली 'मराठी व्युत्पत्ति कोश' सिद्ध केला, तो नुसता शब्दांचा संग्रह नव्हे. पुराव्यावाचून नाते सांगू नये, या सवयीचा तो पाठ आहे.

आता या प्रकरणातील सर्वांत मौजेचा भाग. युरोपात लोकांनी रिझविणाऱ्या क्रियापदाला राजापासून जन्मलेले मानले. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडले. येथे राजालाच रिझविण्यापासून जन्मलेला मानले! 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात रघूचे वर्णन करताना कालिदास म्हणतो की, प्रजेचे रंजन केल्यामुळे त्याच्या ठायी राजा हे नाव सार्थ झाले. महाभारताच्या शांतिपर्वातही पृथू राजाच्या कथेत हाच विचार आहे. वैयाकरण 'राजन्' हा शब्द शोभणे या अर्थाच्या 'राज्' धातूपासून साधतात, आणि आधुनिक भाषाशास्त्र त्याला 'रेक्स'च्या शेजारी बसविते. 'रञ्ज्' म्हणजे रंगविणे हा धातू अगदी वेगळा. तेव्हा ही व्युत्पत्ती इतिहास म्हणून टिकत नाही. पण कवीला इतिहास सांगावयाचा नव्हता. राजाला त्याचे कर्तव्य सांगावयाचे होते. शब्दाच्या आडून त्याने सिंहासनावर एक अट लादली : लोक संतुष्ट असतील तर तू राजा.

या दोन चुका शेजारी ठेवून पाहा. एकीत खाऊ घालणे, रिझविणे ही राजाकडून खाली येणारी कृपा ठरते. दुसरीत राजेपणच लोकांच्या संतोषावर अवलंबून राहते. दोन्ही व्युत्पत्ती खोट्या. परंतु खोट्या व्युत्पत्तीतही समाजाचे मन उमटते, आणि या दोहोंपैकी कोणते मन अधिक शहाणे होते, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

'रिगेल'च्या शेजाऱ्यांचीही थोडी विचारपूस केली पाहिजे. 'एंटरटेन' हा फ्रेंचमार्गे आला. त्याचे दोन तुकडे 'मध्ये' आणि 'धरणे' असे. धरून ठेवणे, सांभाळणे, मग पाहुण्याला ठेवून घेणे, मग त्याचे मन गुंतवून ठेवणे, अशी त्याची वाटचाल. यातील 'धरणे' हा लॅटिन धातू आणि आपला ताणणे या अर्थाचा 'तन्' हे एकाच मुळाचे. तंतू, तनू आणि गवयाची तान ही 'तन्'ची अपत्ये. म्हणजे मैफलीत गवई तान घेऊन श्रोत्यांना धरून ठेवतो तेव्हा 'एंटरटेन'मधला एक अवयव आपल्या मराठीतल्या नातलगाला भेटत असतो. 'अम्यूज'ची गोष्ट मात्र तितकी निर्मळ नाही. त्याचा मूळ अर्थ एखाद्याला टक लावून पाहत ठेवणे, भुलविणे, चकविणे. सतराव्या-अठराव्या शतकांतील युद्धवर्णनांत शत्रूला 'अम्यूज' केल्याचे आढळते. म्हणजे त्याला हसविले असे नव्हे, तर खोटी चढाई दाखवून एकीकडे गुंतविले आणि दुसरीकडून हल्ला केला. 'डायव्हर्ट' म्हणजे दुसरीकडे वळविणे.

आपल्या शब्दांकडे पाहिले तर तेथेही हीच निरनिराळी मते दिसतात. 'विनोद' हा 'नुद्' म्हणजे ढकलणे या धातूपासून. शीण, कंटाळा दूर ढकलतो तो विनोद. 'मनोरंजन' म्हणजे मनाला रंग चढविणे. 'करमणूक' म्हणजे ज्याच्या योगाने करमते ते. 'करमत नाही' या दोन शब्दांत जे एकाकीपण सामावले आहे त्यावरचे औषध. या शब्दांना हलके समजू नये. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली काढलेल्या साप्ताहिकाचे नाव 'करमणूक'च होते, आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' ही एका तरुण विधवेच्या हालांची कहाणी लोकांनी त्यातूनच क्रमशः वाचली. १८९५ साली का. र. मित्र यांनी काढलेल्या मासिकाचे नाव 'मनोरंजन'; १९०९ साली दिवाळी अंकाचा पायंडा त्याने पाडला. करमणुकीचे ताट पुढे करून त्यातून विचाराचा घास भरविणे, हे त्या पिढीला चांगले साधले होते.

आणि 'मेजवानी'? तो फारसीतील 'मेजबानी'वरून आलेला. मूळ अर्थ यजमानपण. फारसीत यजमानाचे काम सांगणारा शब्द मराठीत येऊन जेवणाचा झाला. इंग्रजीत जेवणाचा शब्द गोष्टीचा झाला. आपणही 'गाण्याची मेजवानी', 'विचारांची मेजवानी' असे म्हणतोच. जिभेवरून कानाकडे जाण्याची ही वाट सर्वच भाषांनी चोखाळलेली दिसते. आपल्याकडे तर काव्याच्या प्राणालाच 'रस' म्हटले, ते जाणणारा 'रसिक', आणि त्याच्या अनुभवाचे नाव 'आस्वाद'. तिन्ही शब्द स्वयंपाकघरातून आलेले. कारण उघड आहे. एकत्र जेवल्यावर माणसे लगेच उठत नाहीत. पाने वाळतात, हात कोरडे होतात, आणि कोणीतरी 'त्या वेळची गंमत सांगतो' म्हणून सुरुवात करतो. ताट संपते तेथे गोष्ट सुरू होते. भाषेने एवढेच केले की, ताटासाठी असलेला शब्द उचलून तिने गोष्टीच्या हाती दिला.

आता त्या व्याकरणाच्या नियमाकडे परत येऊ. 'रिगेल'चे कर्म गोष्ट नव्हे, श्रोता. आणि त्याचे मूळ राजाचा दिमाख नव्हे, दुसऱ्याला मनाजोगते वाटणे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की, जो कोणी व्यासपीठावर चढतो, लेखणी उचलतो किंवा चार पाहुण्यांना घरी बोलावतो, त्याला लावण्याजोगी एक मोजपट्टी हाती येते. आपण काय काय सांगितले याची यादी करून काम पुरे होत नाही. समोरच्याला त्यातून काय लाभले हा प्रश्न उरतोच. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ झाला, आणि पुढे गावोगाव उन्हाळ्याच्या संध्याकाळी अशा माला चालू झाल्या. दिवसभराचे काम उरकून, उकाडा सोसून, लोक तेथे येऊन बसतात. त्यांच्यापुढे बोलणारा स्वतःला राजा समजू लागला, तर तो त्या चुकीच्या व्युत्पत्तीला बळी पडला असे म्हणावे लागेल. निवड करणारा, वरणारा, तेथे श्रोता असतो. आणि वक्ता हा त्या संध्याकाळपुरता त्याचा वाढपी. पाने भरली का, कोणाला काय हवे, आणि आता थांबावे केव्हा, एवढे ज्या वाढप्याला कळते त्याचीच पंगत लोकांच्या लक्षात राहते.